सरबताचा रंग आणि लोकरीचा धागा

शेगडीवर एक पातेले आहे. त्यात लालभडक पाणी असून त्या पाण्यात पांढऱ्या लोकरीची एक लड बुडालेली आहे. भोवती दोन-तीन मुले टाचा उंचावून उभी आहेत. अर्धा तास उलटतो. पाण्याला खळखळून उकळी आलेली नाही, कोणी ते फारसे ढवळलेले नाही. तरीही पाण्याची लाली हळूहळू ओसरू लागते, पाणी गुलाबी दिसू लागते, आणि अखेर पातेल्यात उरते ते जवळजवळ स्वच्छ पाणी. सारा रंग लोकरीत जाऊन बसलेला असतो. गंमत अशी, की हा रंग काही रंगाऱ्याच्या दुकानातून आणलेला नसतो. ज्या पुडीचे सरबत करून मुलांनी आदल्या दिवशी पोटभर प्यायले, त्याच पुडीच्या भावंडातून तो निघालेला असतो.

अमेरिकेत हाताने विणकाम करणाऱ्यांच्या घरांतून हा खेळ चांगलाच रुळला आहे. त्यासाठी वापरतात ती पुडी ‘कूल-एड’ या नावाने विकली जाते आणि तिथल्या मुलांना ती, आपल्याकडे कोकम किंवा पन्हे असावे, तितकी ओळखीची आहे. लोकर रंगवण्यासाठी ती कोणी बनवलेली नव्हती. मग सरबताची पुडी इतका चोख रंग देते कशी, पाणी तो रंग सोडते का आणि लोकर तो धरून ठेवते कशी, हे प्रश्न दिसतात तितके पोरकट नाहीत. त्यांची उत्तरे शोधू लागले म्हणजे मुलांच्या खाण्यापिण्यातील रंगांचा शंभर-सव्वाशे वर्षांचा इतिहासच उलगडत जातो.

प्रथम त्या पुडीविषयी. एडविन पर्किन्स हा नेब्रास्का राज्यातील एका दुकानदाराचा मुलगा. लहानपणापासून त्याला अर्क, सुगंधी द्रव्ये, मलमे असले काहीबाही तयार करून विकण्याचा नाद होता. त्याच्या मालात ‘फ्रूट स्मॅक’ नावाचे फळांच्या स्वादाचे एक दाट पेय होते. लोकांना ते आवडे. परंतु काचेच्या बाटल्या वाटेत फुटत आणि टपालाचा खर्च मालापेक्षा जड होई. ‘जेल-ओ’ नावाची जेलीची भुकटी त्या काळी घरोघरी गेली होती. तिच्यावरून पर्किन्सने धडा घेतला, पाणी काढून टाकले आणि १९२७ साली हेस्टिंग्ज या गावी आपल्या पेयाची कोरडी भुकटी पाकिटात घालून विकायला आणली. १९३१ मध्ये त्याने कारखाना शिकागोला हलवला. मंदीच्या दिवसांत त्याने पाकिटाची किंमत १० सेंटांवरून ५ सेंटांवर उतरवली आणि ते पेय गरिबांच्या घरातही पोहोचले. १९५३ साली त्याने हा धंदा ‘जनरल फूड्स’ या कंपनीला विकला.

या हकिगतीत आपल्या विषयाला उपयोगी पडणारी गोष्ट एकच आहे. पर्किन्सने पाण्याबरोबर साखरही वगळली होती. साखर ज्याने त्याने आपल्या घरची घालायची. त्यामुळे चार ते सहा ग्रॅमांच्या त्या पुडीत मुख्यतः तीनच वस्तू महत्त्वाच्या उरल्या: आंबटपणासाठी लिंबूसत्त्व म्हणजे सायट्रिक आम्ल, थोडा स्वाद आणि भरपूर रंग. लोकर रंगवणाऱ्या कारागिराला विचारले, तर आम्ल, रंग आणि कढत पाणी एवढेच आपल्याला हवे असते, असे तो सांगेल. पर्किन्सने पेयाची पुडी म्हणून जे विकले ते, त्याच्या ध्यानीमनी नसता, रंगाऱ्याचे तयार मिश्रण होते. आता साखर घातलेली पाकिटेही मिळतात. पण ती या कामाला घेतली तर लोकर चिकट होऊन बसते.

कृती अगदी साधी आहे. लोकरीचा गुंडा तसाच बुडवत नाहीत. त्याची सैल लड करून ती तीन-चार ठिकाणी ढिली बांधतात, नाहीतर नंतर गुंता सोडवता सोडवता सगळ्या हौसेवर पाणी पडते. कोमट पाण्यात साबणाचा थेंब टाकून लड अर्धा तास भिजत ठेवायची. कोरड्या लोकरीत पाणी सारखे शिरत नाही आणि मग रंग डागाडागांनी चढतो. साधारण ५० ग्रॅम लोकरीला दोन ते तीन पुड्या पुरतात. लड बुडेल एवढ्या पाण्यात पुड्या विरघळवून त्यात ती अलगद सोडावी, आणि पाणी उकळीच्या अलीकडे, वाफा येतील इतपत तापवून तिथेच वीस-तीस मिनिटे ठेवावे. भांडे स्टीलचे किंवा एनॅमलचे असावे. आंबट पाणी ॲल्युमिनियमला खाते. पाण्याची लाली गेली की शेगडी बंद करून सारे आपोआप निवू द्यावे. लोकरीला दोन गोष्टी मुळीच सोसत नाहीत: कढत पाण्यातून एकदम गार पाण्यात जाणे, आणि गरम असताना घुसळले जाणे. अशा वेळी तिच्या धाग्यावरील खवले एकमेकांत अडकतात आणि मऊ लडीचा घोंगडीसारखा घट्ट गोळा बनतो. मुलांच्या उत्साहाला आवर घालावा लागतो तो इथे. शेगडीजवळचे काम अर्थात मोठ्यांनी करावे. पुड्या निवडणे, रंग मिसळणे आणि डोळे लावून वाट पाहणे, हे मुलांचे.

ज्यांना शेगडी नको असते ते काचेच्या बरणीत लोकर आणि रंगाचे पाणी भरून बरणी दिवसभर उन्हात ठेवतात. लडीचे एक टोक लाल पाण्यात आणि दुसरे पिवळ्यात बुडवले, की मधल्या भागात नारिंगी छटा आपोआप उमटते. द्राक्षाच्या स्वादाची जांभळी पुडी मात्र पुष्कळदा फसवते. तिचा जांभळा रंग एक नसून तांबडा आणि निळा यांची जोडी असते. त्यांपैकी तांबडा लोकरीला चटकन जाऊन भिडतो आणि निळा मागे रेंगाळतो; लड बाहेर काढली, तर कुठे गुलाबी, कुठे निळी, कुठे जांभळी. मोठ्या माणसाला हे बिघडलेले काम वाटते. मुलांना बहुधा हीच लड सर्वांत जास्त आवडते.

या खेळाच्या वेळी लडीला सुती दोऱ्याचा एक तुकडा बांधून तोही त्याच पाण्यात सोडावा. अर्ध्या तासाने लोकर गडद लाल निघते. सुती दोराही बाहेर काढताना लाल दिसतो, परंतु नळाखाली धरला की त्याचा रंग धुऊन जातो आणि उरते ती जेमतेम फिकट झाक. एकच पाणी, एकच आच, एकच वेळ. आणि दोन धाग्यांची वागणूक इतकी निराळी. या एका दोऱ्यात रंगविद्येचे मर्म सामावले आहे.

कापूस हा सेल्युलोज नावाच्या पदार्थाचा बनलेला असतो, म्हणजे रासायनिक दृष्ट्या तो पिष्ट आणि साखर यांच्या कुळातला. लोकर ही केराटिन नावाच्या प्रथिनाची असते. आपले केस, नखे आणि कातडीचा वरचा थरही त्याच प्रथिनाचा. प्रथिनाच्या लांब साखळीवर जागोजाग नायट्रोजनयुक्त गट लोंबत असतात. पाणी आंबट झाले म्हणजे हे गट आम्लातील हायड्रोजनचा कण उचलून घेतात आणि धनविद्युतभारित होतात. पुडीतले रंग याच्या उलट स्वभावाचे. त्यांच्या प्रत्येक रेणूला दोन किंवा अधिक सल्फोनिक गट जोडलेले असतात आणि पाण्यात त्यांच्यावर ऋणभार येतो. ऋण आणि धन यांनी एकमेकांकडे ओढ घ्यावी हे ओघानेच आले. उष्णतेचे काम एवढेच, की धागा थोडा फुगवून रंगाच्या रेणूला आत शिरायला वाट मोकळी करून द्यायची. एकेक रेणू आत जाऊन असा अडकत गेला, की पाण्यात रंग शिल्लकच राहत नाही. कापसाच्या साखळीवर असे धनभारित गट नसल्यामुळे रंगाला तेथे धरून ठेवणारे कोणी नसते. रेशीम हेही प्रथिन असल्याने त्याला हा रंग चढतो.

हे कळले, की घरातल्या कित्येक लहानसहान गोष्टींचा उलगडा होतो. मुलाच्या सुती सदऱ्यावर सांडलेले असले सरबत बहुधा धुतले जाते, पण तेच लोकरीच्या गालिच्यावर सांडले तर त्याच्याशी झटून काही फायदा होत नाही. रंगवणाऱ्याची बोटे आणि नखे दोन-तीन दिवस रंगीत राहतात, याचेही कारण तेच. म्हणून हातमोजे घालावेत. हळदीची गोष्ट वेगळी. ती आम्लाची वाट न पाहता सुती कापडालाही चिकटते, साबण लागला की लाल होते आणि उन्हात उडून जाते. रंगांना स्वभाव असतात, आणि लोकरीशी जमणारा स्वभाव सगळ्यांचा नसतो.

आता मूळ प्रश्न. सरबतासाठी योजलेला रंग लोकरीशी इतका जमवून का घेतो? उत्तर थोडे अनपेक्षित आहे. या कुळातले रंग मुळात लोकरीसाठी आणि रेशमासाठीच जन्माला आले. ताटात आणि पेल्यात ते मागाहून आले.

१८५६ साली लंडनमध्ये विल्यम हेन्री पर्किन या अठरा वर्षांच्या विद्यार्थ्याला क्विनीन तयार करण्याच्या खटपटीत कोळशाच्या डांबरापासून निघणाऱ्या द्रव्यांतून एक जांभळा रंग गवसला. नेब्रास्काच्या पर्किन्सशी त्याचे नामसादृश्य हा निव्वळ योगायोग. त्या जांभळ्या रंगामागून युरोपात कृत्रिम रंगांचे कारखाने भराभर उभे राहिले. मंजिष्ठा, लाख आणि नीळ यांच्यावर पोसलेला आपल्याकडचा जुना धंदा त्यांनी पुढे कसा बसवला, ही निराळी आणि दुःखाची कथा आहे. १८८४ मध्ये स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे योहान हाइनरिख त्सीग्लर याने टार्ट्राझिन हा लिंबासारखा पिवळा रंग शोधला. तो लोकरीवर उत्तम बसे. आज जगभर मिठायांना आणि पेयांना पिवळेपणा देणारा रंग तोच.

कापडाचे हे रंग स्वस्त होते, चिमूटभर पुरत आणि ताज्या फळाचा आभास निर्माण करीत. तेव्हा खाद्यपदार्थ विकणाऱ्यांनी ते उचलले यात नवल नाही. नवल हे, की कित्येक वर्षे त्यांना कोणी विचारले नाही. अमेरिकेत १९०६ साली शुद्ध अन्न व औषधांचा कायदा झाला. त्याच सुमारास सरकारने बर्नहार्ड हेसे या रंगतज्ज्ञाकडे हे काम सोपवले. बाजारात खाण्यात घातले जाणारे सुमारे ८० कृत्रिम रंग त्याने तपासले आणि १९०७ मध्ये त्यांतले अवघे सात ग्राह्य ठरले. त्या सातांचीही पुढे गळती झाली. ‘ऑरेंज नंबर १’ हा रंग घातलेली मिठाई खाऊन १९५० मध्ये मुले आजारी पडली आणि तो बाद झाला. अमरँथ हा लाल रंग १९७६ मध्ये गेला. त्याची जागा १९७१ साली मान्य झालेल्या ‘अलुरा रेड’ने घेतली. पुडीतला लाल रंग हाच. एरिथ्रोसिनची मान्यता जानेवारी २०२५ मध्ये रद्द झाली. सातांपैकी आता टिकला आहे तो एकटा इंडिगो कार्माइन, म्हणजे निळीवर गंधकाम्लाची क्रिया करून मिळवलेला निळा. आणि तोही अठराव्या शतकात सॅक्सनीमध्ये लोकर रंगवण्यासाठीच निघाला होता.

तेव्हा सरबताच्या पुडीत लोकर बुडवणारे मूल त्या रंगाला त्याच्या माहेरी पोहोचवीत असते, असे म्हणायला हरकत नाही. नाते एवढ्यावरच संपत नाही. खाद्यपदार्थांत कृत्रिम रंग मिसळला आहे काय, हे ओळखण्यासाठी रसायनशास्त्रज्ञांनी जी पहिली भरवशाची कसोटी बसवली, तीही हुबेहूब याच खेळासारखी होती. संशयित सरबत किंवा मिठाईचा अर्क घ्यायचा, त्यात आम्लाचे थेंब टाकायचे आणि पांढऱ्या, तेलकटपणा घालवलेल्या लोकरीचा तुकडा त्यात उकळायचा. मग तो तुकडा धुऊन अमोनिया घातलेल्या पाण्यात तापवायचा. अमोनियाने आम्ल मारले जाते, लोकरीची पकड सुटते आणि रंग पाण्यात उतरतो. त्या पाण्याला पुन्हा आंबट करून नवा तुकडा बुडवायचा. दुसऱ्या तुकड्यावरही स्वच्छ, झळझळीत रंग चढला, तर तो कृत्रिम. फळाफुलांचे बहुतेक नैसर्गिक रंग या दुहेरी परीक्षेत मळकट पडतात किंवा वाटेतच नाहीसे होतात. ही रीत इतिहासजमा झालेली नाही. आपल्या देशातील अन्न-तपासणीच्या प्रयोगशाळांतही पदार्थातला रंग बाहेर ओढण्यासाठी विणकामाची पांढरी लोकरच वापरण्याची पद्धत आहे. ओढून घेतलेला रंग नेमका कोणता, हे मग गाळणकागदासारख्या कागदावर तो पसरवून ठरवतात.

हा दुसरा टप्पा लागतोच, कारण लोकरीला परवानगीचा रंग आणि बंदीचा रंग यांतला भेद कळत नाही. मेटानिल यलो हा लोकरीचाच पिवळा रंग. खाद्यपदार्थात तो वापरण्यास भारतात मनाई आहे. तथापि लाडू, जिलेबी, बेसन आणि हळद यांत तो पुनःपुन्हा सापडत आला आहे. टार्ट्राझिन ज्या उत्साहाने लोकरीवर चढतो, त्याच उत्साहाने हाही चढतो. म्हणून घरच्या पातेल्यात लोकर सुरेख रंगली, याचा अर्थ ते सरबत निर्धोक आहे असा कोणी घेऊ नये. आणि ती रंगली म्हणून घाबरूनही जाऊ नये. ज्या सल्फोनिक गटांमुळे हे रंग लोकरीला धरतात, त्याच गटांमुळे ते पाण्यात सहज विरघळतात आणि आतड्यांतून रक्तात फारसे न शोषले जाता बव्हंशी बाहेर पडतात. खाण्यासाठी या कुळातल्या रंगांची निवड झाली त्यामागे हेही एक कारण आहे.

याचा अर्थ वाद मिटला आहे असा मात्र नाही. इंग्लंडमधील साउदम्प्टन येथील संशोधकांनी २००७ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही कृत्रिम रंग आणि एक परिरक्षक यांचे मिश्रण दिल्यावर काही मुलांची चंचलता वाढल्याचे त्यांना आढळले होते. परिणाम लहान होता, सर्व मुलांत सारखा नव्हता, आणि रंग व परिरक्षक यांपैकी दोषी कोण हे त्यावरून सांगता येत नव्हते. तरीही युरोपीय संघाने २०१० पासून टार्ट्राझिन आणि अलुरा रेड धरून सहा रंगांच्या पदार्थांवर मुलांविषयीची सूचना छापणे सक्तीचे केले. एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेच्या सरकारने खनिज तेलापासून बनणारे खाद्यरंग हळूहळू हटवण्याचा मनोदय जाहीर केला. आणि जूनमध्ये, कूल-एड आज जिच्या मालकीचे आहे त्या क्राफ्ट हाइन्झ कंपनीने अमेरिकेतील आपल्या मालातून असे रंग २०२७ अखेर काढून टाकण्याची घोषणा केली.

पेल्याच्या दृष्टीने हा निर्णय स्वागतार्हच मानला पाहिजे. शोभेपलीकडे ज्याचा उपयोग नाही, ते मुलांच्या पोटात घालण्याचा अट्टाहास कशाला? पातेल्याच्या दृष्टीने मात्र एक खेळ संपण्याच्या वाटेवर आहे. बिटाचा लाल रंग आचेवर टिकत नाही. तासाभरात लोकर मातकट दिसू लागते. निळ्यासाठी वापरतात तो शेवाळातला रंग स्वतःच एक प्रथिन असल्याने आम्ल आणि उष्णता यांनी मोडून पडतो. द्राक्षे आणि जांभळे यांचे रंग आंबट पाण्यात एक आणि साबणात दुसरेच दिसतात. एकटी हळद लोकर पिवळी करील, आणि मग ऊन लागताच तिचे ठरलेले गुण दाखवील.

आपल्याकडे ज्यांना हा प्रयोग करून पाहायचा असेल, त्यांच्या वाटेत पहिला अडथळा रंगाचा नसून धाग्याचा आहे. बाजारात ‘लोकर’ म्हणून जे रंगीबेरंगी गुंडे मिळतात, त्यांतले पुष्कळसे ॲक्रिलिक या कृत्रिम धाग्याचे असतात. सरबताचा रंग त्यांच्यावर मुळीच चढत नाही, आणि तासभर वाट पाहून मुले हिरमुसतात. परीक्षा सोपी आहे. बोटभर तुकडा चिमट्यात धरून मोठ्या माणसाने ज्योतीला लावावा. खरी लोकर केस जळाल्यासारखी दरवळते आणि तिची राख बोटांत चुरगळते. ॲक्रिलिक वितळते आणि त्याचा टणक काळा मणी बनतो. दख्खनी मेंढ्यांची लोकर अस्सल खरी, परंतु ती मुख्यतः काळी आणि भरड असल्याने घोंगडीला जितकी योग्य, तितकीच या कामाला निरुपयोगी. काळ्यावर लाल दिसणार कोठून? ग्वाल्हेर, इंदूर किंवा दिल्लीकडच्या मराठी घरांत थंडीच्या तोंडावर विणायच्या सुया बाहेर निघतात, तेव्हा उरलेली पांढरी लोकर हाताशी असेल तर ती उत्तम.

पुडीऐवजी घरातला खाद्यरंग चालतो. मात्र तो नामांकित उत्पादकाचा, बंद डबीतला आणि खाद्य म्हणून छाप असलेला असावा. कागदाच्या पुडीत सुटा मिळणारा रंग मुलांच्या हातात देऊ नये. नुसत्या रंगाच्या डबीत आम्ल नसते, हे विसरल्याने अनेकांचा पहिला प्रयत्न फसतो. ५० ग्रॅम लोकरीला पाव चमचा रंग, आणि त्याबरोबर दोन लिंबांचा गाळलेला रस किंवा चमचाभर लिंबूसत्त्व पाण्यात घालावे. पाण्याची लाली जात नाही असे दिसले, तर रंग वाढवण्याऐवजी आम्ल थोडे वाढवावे आणि आणखी दहा मिनिटे थांबावे.

लड निवल्यावर तितक्याच उबेच्या पाण्यातून दोनदा काढावी, न पिळता टॉवेलमध्ये गुंडाळून दाबावी आणि सावलीत वाळत घालावी. पुढेही ती गार पाण्यात सौम्य साबणाने धुवावी. धुण्याच्या सोड्याला मात्र तिच्याजवळ फिरकू देऊ नये. प्रयोगशाळेत अमोनिया जे काम करतो, तेच सोडा बादलीत करील. एवढे सांभाळले, तर मुलाच्या कानटोपीला पुरेल इतकी लोकर एका सकाळी रंगून तयार होते, आणि पहिले काही दिवस तिला स्ट्रॉबेरीचा मंद वास येत राहतो.